उलव्याची टेकडी कुठे ठेवायची?

फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो विमानांचा. किती विमानं आहेत तुझ्याकडे, जंबो आहे का, राफेल आहे का... जमीन किती आहे असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. वास्तविक घरच्या कॉम्प्युटरवर जागा खाते ती जमीन. विमान येऊन येऊन किती येणार, दोन-चार जीबी. सह्याद्रीचा एवढासा तुकडा फोटोंसकट उतरवून घ्यायला बसा, मग कळतं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिम्युलेटरबरोबर सगळी पृथ्वी मिळते, पण ढोबळ. मायक्रोसॉफ्टचा एफएस २००४ घ्या किंवा २००६ साली आलेला एफएसएक्स घ्या, आपल्याकडची जमीन म्हणजे शेत, जंगल, वस्ती अशा ठरावीक चित्रांच्या फरशा, पुन्हा पुन्हा पसरलेल्या. अंबरनाथ काय आणि अकोला काय, वरून साधारण सारखंच. मग माणूस बाहेरून जमीन आणून घालायला लागतो. तिला म्हणतात अ‍ॅड-ऑन सीनरी. उंचसखलपणाची जाळी वेगळी, तिला मेश म्हणायचं. त्यावर पांघरायचे उपग्रहाचे फोटो वेगळे. रस्ते, घरं, झाडं वेगळी आणि विमानतळ वेगळे. प्रत्येकाचं आपापलं फोल्डर. वर्ष-दीड वर्षात अशी पन्नासेक फोल्डरं जमतात आणि एके दिवशी मुंबईच्या धावपट्टीच्या मधोमध झाडं उगवलेली दिसतात. तिथून पुढे सीनरीचा क्रम लावण्याचा उद्योग सुरू होतो, आणि तो संपत नाही.

या उद्योगाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते बहुतेक जाणकारांना पटत नाही. ते म्हणतात, नवी सीनरी आली की जुनी काढून टाका, डिस्क मोकळी ठेवा. मी म्हणतो, सीनरी सालाप्रमाणे लावा. कोणती देखणी, कोणती बारीक, हे नंतर. प्रत्येक फोल्डरच्या नावात ती जमीन कोणत्या सालची आहे ते लिहा, आणि जुनी जमीन पुसू नका. बंद करा हवी तर, पण पुसू नका.

आता तुम्ही म्हणाल, जमिनीला कसलं आलंय साल? सांगतो, पण त्याआधी आमचा चौकोन समजून घ्यायला हवा.

मी राहतो चिखलोलीत, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे. सिम्युलेटरच्या हिशेबात पृथ्वीचे एक अंश लांब, एक अंश रुंद असे चौकोन पाडलेले असतात, आणि चौकोनाचं नाव म्हणजे त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश. आमचा चौकोन उत्तर १९, पूर्व ७३. यात आमच्याबरोबर कल्याण, उल्हासनगर, बदलापूर, भीमाशंकर, माळशेज, जुन्नर अशी सगळी मंडळी आहेत, थेट नाशिकच्या उंबऱ्यापर्यंत. मुंबई मात्र नाही! ७३ रेखांशाची रेघ नवी मुंबईतून जाते, त्यामुळे सांताक्रूझचा विमानतळ पडतो शेजारच्या चौकोनात. १९ अक्षांशाची रेघ पनवेलच्या जरा उत्तरेकडून जाते. या दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा येते नेरूळ-सीवूड्सजवळ, खाडीकाठी. म्हणजे मुंबईवरून एक साधी फेरी मारायची तर चार चौकोन एकमेकांशी जुळलेले हवेत. लोकलने सव्वा तासाचा प्रदेश, पण मालक चार.

या आडव्या रेघेने आमची डोंगररांगही तोडली आहे. बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की मलंगगड, ताहुली, नवरा-नवरी, चंदेरी अशी जी ओळ दिसते ती आमच्या चौकोनात. तीच रांग पुढे जाऊन माथेरान होते, ते खालच्या चौकोनात. वरच्या चौकोनाचे फोटो पावसाळ्यानंतरचे आणि खालच्याचे एप्रिल-मेचे असले की चंदेरी आणि माथेरानच्या मधे पट्टीने आखल्यासारखी रेघ दिसते. अलीकडे श्रावण, पलीकडे वैशाख. फोटोंचं एक वेळ चालतं, रंग जुळवता येतात. दोन चौकोनांची मेश वेगवेगळ्या ठिकाणची असेल तर मात्र त्या रेघेवर जमीनच पायरीसारखी वर-खाली होते.

तर साल. घरच्या सिम्युलेटरमध्ये वर्षानुवर्षं जी उंची वापरली गेली ती फेब्रुवारी २००० मधली आहे. एंडेव्हर नावाचं अमेरिकन शटल त्या महिन्यात अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीची उंची मोजत गेलं. या मोहिमेचं नाव एसआरटीएम. आपल्या वाट्याला आलेले आकडे सुरुवातीला साधारण नव्वद मीटरला एक बिंदू असे होते. एका चौकोनात १२०१ गुणिले १२०१, म्हणजे सव्वाचौदा लाखांच्या वर बिंदू. अमेरिकेबाहेरच्या जगासाठी तीस मीटरचे आकडे खुले होऊ लागले ते २०१४ नंतर.

(इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाचे किनारपट्टीकडचे टोपोशीट तेव्हा सामान्य माणसाला सहजासहजी मिळत नसत. संरक्षणासाठीचे नकाशे वेगळे आणि लोकांसाठीचे वेगळे हे धोरण ठरलं २००५ साली. त्यामुळे घरामागच्या डोंगराची उंची मला आधी मिळाली ती अमेरिकेकडून, तीसुद्धा फुकट!)

नव्वद मीटरला एक बिंदू म्हणजे काय होतं? मलंगगडाच्या माथ्यावरचा कातळ दोन बिंदूंच्या मधे हरवतो आणि गड उशीसारखा दिसायला लागतो. चंदेरीचा सुळका मोडतो. माथेरानचे कडे उतरणी होतात. शिवाय रडारची सावली पडेल तिथे आकडेच नसतात, जमिनीत भोक पडतं, आणि अशी भोकं नेमकी उभ्या कड्यांपाशी पडतात. जोनाथन द फेरांती नावाच्या गृहस्थांनी जुने नकाशे धुंडाळून जगभरच्या डोंगरांतली अशी भोकं वर्षानुवर्षं बुजवली आणि ते आकडे फुकट वाटले. या छंदातल्या लोकांनी त्यांचा फोटो देव्हाऱ्यात लावायला हरकत नाही.

उंची ही शोभेची गोष्ट नाही, हे आमच्या चौकोनाला चांगलं माहीत आहे. ७ जुलै १९६२ ला बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. रात्रीची वेळ, पावसाळी हवा, आणि वैमानिकाची समजूत की आपण मुंबईच्या बरंच जवळ आलो आहोत. म्हणून तो खाली आला, आणि तिथे सह्याद्री होता. मुंबईपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. त्यामुळे 'सिम्युलेटरमधले डोंगर काय, दिसले म्हणजे झालं' असं कोणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. डोंगर असायला हवा तिथेच आणि तेवढाच असायला हवा.

आणि इथेच माझ्या मताची खरी अडचण सुरू होते. डोंगर असायला हवा तिथेच, हे कबूल. पण कधीचा डोंगर?

नवी मुंबईचा विमानतळ घ्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. साहजिकच घरच्या सिम्युलेटरवाल्यांना तो लगेच हवा झाला. विमानतळ पडतो उत्तर १८, पूर्व ७३ या चौकोनात, १९ च्या रेघेच्या जेमतेम खाली. तो उतरवून घ्यायचा, फोल्डरात टाकायचा, सुरू करायचा. आणि बघतो तर काय, विमानतळाच्या हद्दीत टेकडी!

ती उलव्याची टेकडी. नव्वद मीटरच्या आसपास उंच होती. २०१७-१८ च्या सुमारास सुरुंग लावून ती कापायला घेतली, दगड भरावाला वापरला, उलवे नदीचं पात्र वळवलं. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशी दहा गावं उठली. पण शटल वरून गेलं ते २००० साली, तेव्हा टेकडी जागेवर होती. बरं, एसआरटीएम जुनं झालं म्हणून त्याहून नवीन आकडे घ्यावेत, तर जर्मन रडार उपग्रहांनी मोजलेलं आणि आता फुकट मिळणारं कोपर्निकस मेश आहे २०११ ते २०१५ मधलं. त्यातही टेकडी आहेच. या मेशला लोक 'लेटेस्ट' म्हणतात. लेटेस्ट म्हणजे टेकडी फोडण्याच्या आधीचं! फोल्डरच्या नावात साल नसलं की असं होतं. नवं म्हणून जे आणलं ते आपल्याला हवं त्याच्या आधीचं असू शकतं.

यावर रूढ उपाय सोपा आहे. विमानतळाच्या हद्दीतली जमीन सपाट करा असा एक शेरा सीनरीच्या फाईलीत लिहिता येतो. लिहिला की टेकडी केकसारखी कापली जाते, हद्दीवर उभी भिंत राहते. थोडं जास्त कष्ट घेणारे मेशच नव्याने बनवतात, भिंतीऐवजी उतार काढतात. मग जुनी मेश काढून टाकतात. सिडकोला जे करायला काही वर्षं लागली ते एका संध्याकाळी होतं, आणि कोणाच्या मनात काही येत नाही.

मी मेश नव्याने बनवली, पण जुनी ठेवली. एक्स-प्लेनमध्ये हे करणं फार सोपं आहे. त्यात सगळ्या सीनरीची यादी असलेली एक साधी मजकुराची फाईल असते. वरची ओळ खालच्या ओळीवर मात करते. विमानतळ वर, रस्ते-घरं त्याखाली, फोटो आणि मेश सगळ्यात तळाला. एका चौकोनासाठी दोन मेश असल्या तर वरची दिसते, खालची झाकली जाते. (एफएसएक्समध्येही तत्त्व तेच, फक्त फाईलीतले आकडे उलटे मोजायचे, आणि तिथे भले भले गोंधळतात.) एखादी सीनरी नको असेल तर ओळ पुसायची गरज नाही. ओळीच्या सुरुवातीच्या शब्दाला 'डिसेबल्ड' जोडलं की ती बंद होते, पण यादीत राहते. बंद आहे, पण आहे. हा पर्याय ज्याने ठेवला त्याचं मला कौतुक वाटतं.

जागेचा प्रश्न? उंचीचे आकडे फार हलके असतात हो! तीस मीटरचा अख्खा चौकोन, न दाबता, सव्वीस एमबीच्या आत. मेश बनवल्यावर तो फुगतो, पण मूळ आकडे ठेवले तर मेश केव्हाही पुन्हा बनवता येते. जड असतात ते फोटो. तेव्हा फोटो टाकायचे तर टाका, उंची कशाला टाकता? एका विमानाच्या इंजिनाच्या आवाजाला याहून जास्त जागा लागते.

'पण गूगल अर्थमध्ये जुने फोटो दिसतातच की,' असं एकाने मला ऐकवलं. दिसतात. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारायची आणि मागच्या वर्षांत जायचं. पण तिथे जुना फोटो आजच्या जमिनीवर पसरतो. जमीन आजची सपाट झाली की टेकडीचा फोटो जमिनीवर लोळण घेणार. सतरंजीवर हत्ती काढल्यासारखं. टेकडीच्या बाजूने उडत जाणं, ती आडवी आली म्हणून विमान वर काढणं, तिच्या मागून एकदम खाडी दिसणं... हे उंचीशिवाय होत नाही.

याच कारणासाठी मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आणि २०२४ च्या सिम्युलेटरबद्दल माझं मन अर्धंच आहे. दिसायला अप्रतिम, वादच नाही. सगळी पृथ्वी इंटरनेटवरून हवी तेव्हा हवी तेवढी येते, फोल्डरांची कटकट जवळजवळ संपली. पण ती जमीन भाड्याची. तिकडे नवे फोटो, नवी उंची चढवली की इकडे आपोआप बदलतं, आणि काल काय होतं ते परत मागता येत नाही. सुधारणा झाली म्हणून सगळे खूश. मीही खूश होतो, नाही असं नाही. पण सीनरी लावण्याची जी कटकट गेली तिच्याबरोबर निवड करण्याचा हक्कही गेला, हे बोलायला हवं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधले एक काका बसले होते माझ्याकडे. मूळचे तरघरचे. मुलगा इकडे आला म्हणून तेही आले. विमानतळ दाखव म्हणाले. दाखवला. बराच वेळ बघत होते. धावपट्टी किती लांब, विमान किती मोठं, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "हे आधीचं नाही ना दाखवता येत?" मी फाईलीतल्या दोन ओळी बदलल्या, सिम्युलेटर पुन्हा सुरू केला, आणि खाडीच्या बाजूने लहान सेस्ना घेऊन शिरलो. टेकडी समोर होती. फोटो नव्हता त्यावर, नुसता मातकट हिरवा रंग होता. काका पुढे सरकले. "अजून खाली घे," म्हणाले. "अजून." जमेल तेवढं खाली घेतलं. मग ते पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागले. इथे शाळा, इथून वाट, इथे आमचं शेत, पावसात इथून पाणी उतरायचं. बोट ठेवतील तिथे काहीच नव्हतं. कारण घरं आणि रस्ते येतात ओपनस्ट्रीटमॅपवरून, ते मी ताजे उतरवले होते, आणि ताज्या नकाशात तिथे विमानतळ आहे. टेकडी २००० ची आणि तिच्या पायथ्याशी २०२५ चं रिकामेपण.

तेव्हापासून घरं-रस्त्यांच्या थरालाही मी साल लावतो. ओपनस्ट्रीटमॅपची एक चांगली गोष्ट अशी की तिथे कोणी काय आणि कधी बदललं याचा इतिहास राखलेला असतो. जुन्या तारखेचा नकाशा त्यातून काढता येतो. किचकट आहे, पण येतो. फोटोंसाठी एस्रीचा वेबॅक संग्रह आहे, त्यात २०१४ पासूनच्या आवृत्त्या आहेत. म्हणजे टेकडी फुटायच्या आधीचे फोटो मिळायला जागा आहे. उंची, फोटो, घरं, तिन्ही एका सालाची जुळवली की मगच त्या फोल्डराला नाव द्यायचं, असा आता नियम.

हा पसारा कशासाठी, विमान उडवायचं आहे की संग्रहालय काढायचं आहे, असा टोमणा ठरलेला असतो. टोमण्यात तथ्य आहे. मुंबईहून दुबईला जाणाऱ्याला उलव्याच्या टेकडीशी काय करायचंय? ढगांच्या वर गेलं की सगळी जमीन सारखीच. पण घरच्या सिम्युलेटरमध्ये माणूस पहिल्यांदा काय करतो ते आठवा. तो स्वतःचं घर शोधतो! दुबई नंतर. रेल्वेची रेघ पकडून कल्याणवरून दक्षिणेला वळतो, काकोळ्याचा जीआयपी टँक दिसतो का बघतो, चिखलोलीचं धरण दिसतं का बघतो. आणि आपल्याकडे घर शोधणाऱ्याला आधी विचारावं लागतं की कोणत्या सालचं. चिखलोलीत दहा वर्षांपूर्वी जिथून चंदेरीचा सुळका दिसायचा तिथून आता समोरच्या टॉवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. सिम्युलेटरमध्ये तो टॉवर बंद करता येतो, ही सोय मला तरी लहान वाटत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती म्हणजे मधली वर्षं. टेकडी अर्धी कापलेली असतानाची, नदी वळवली पण धावपट्टी नाही अशी. त्या वर्षांचे फोटो मिळतात, उंची मिळत नाही. अंदाजाने उतार काढावा का? माझ्या मते काढू नये. २००० चं मोजलेलं आहे, २०२५ चं सपाट आहे हे ठाऊक आहे, मधलं मनाने रचलं तर त्याला साल लावता येणार नाही. तिथे मी नुसते फोटो ठेवले आहेत आणि फोल्डरच्या नावात 'उंची नाही' असं लिहिलं आहे.

सध्या बारवीचं काम काढलं आहे. एमआयडीसीचं हे धरण आमच्याच चौकोनात, बदलापूरच्या पलीकडे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी चढलं, काठचे पाडे उठले. उलव्याला टेकडी गेली, इथे काठ गेला. नव्या नकाशात पाण्याची कड पुढे सरकलेली आहे आणि सिम्युलेटर तिच्या आतलं सगळं एका पातळीत सपाट निळं करतो. पण २००० साली, फेब्रुवारीत, शटल वरून गेलं तेव्हा तो काठ कोरडा होता. त्याची उंची त्या सव्वीस एमबीत आहे. ती आधी वेगळी काढून ठेवतो, मग पाणी भरतो.